भोंगा थांबला, हात कां थांबावे ?

तालुक्याच्या गांवची सूतगिरणी बंद पडून आतां चौथें वर्ष लागलें. पहांटेच्या पाळीचा भोंगा चार कोसांवर आमच्या शाळेपर्यंत ऐकूं येत असे. त्या भोंग्यावर बाया चूल पेटवीत, गडीमाणसें धारा काढावयास उठत आणि पोरें पाटीदप्तर शोधूं लागत. आतां भोंगा नाहीं. पण सवय अशी कीं कांहीं म्हातारीं माणसें अजूनहि त्या वेळेला उठून अंथरुणांत बसून राहतात.

गेल्या आठवड्यांत गिरणीच्या फाटकावर जागेच्या लिलांवाची नोटीस लागली. तेव्हांपासून साऱ्या तालुक्याला एकच विषय झाला आहे. एस्टीच्या थांब्यावर, चहाच्या टपरीवर, सोसायटीच्या ओट्यावर जो तो एकरी भाव सांगतो आहे. कोण घेणार, किती कोटींना घेणार, तेथें बंगले होणार कीं बाजारपेठ होणार, याच्या पैजा लागल्या आहेत. परंतु तीन पाळ्यांनीं त्या फाटकांतून आंतबाहेर करणारे जे हात होते, त्यांचें पुढें काय, हा प्रश्न आम्हांला तरी कोणाच्या तोंडून ऐकूं आला नाहीं. म्हणून तो आम्ही आज येथें विचारतों.

कारखाना बंद पडला म्हणजे मागें तीन गोष्टी उरतात : जागा, यंत्रें आणि माणसें. जागेला गिऱ्हाईक येतें, यंत्रांना भंगारवाला येतो, माणसांना कोणीच येत नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं हा क्रम उलटा झाला पाहिजे. आधीं माणसांच्या कामाची सोय, मग जागेचा सौदा. आणि ती सोय त्याच गांवांत, त्यांच्या हातच्या कसबाला धरून झाली पाहिजे. बाकी सारा लेख म्हणजे या एका वाक्याचा खुलासा आहे.

हे कामगार कोणी परके नव्हेत. गिरणी उभी राहिली तेव्हां तिचे शेअर घेण्यासाठीं आमच्याच वाडवडिलांनीं शेरडें विकलीं, कोणी कापसाच्या पट्टींतून पैसे कापून दिले. दोन एकरांचे चार वांटे झाल्यावर जो धाकटा भाऊ उरला, तो गिरणींत गेला. लोहाराचा भाता थंडावला तेव्हां त्याचा मुलगा तेथें फिटर झाला. साळ्या-कोष्ट्यांच्या घरचा माग माळ्यावर गेला, पण पोरांचीं बोटें सुताला सरावलेलीं होतीं. तीं तेथें कामास आलीं. म्हणजे शेत अपुरें पडलें आणि पिढीजात धंदा मोडला, अशा दोन्ही घरांना त्या एका भोंग्यानें सांवरून धरलें होतें. आज त्यांतला कोणी पुण्यास बंगल्याच्या दारावर पहारा करतो, कोणी हातगाडीवर केळीं विकतो, कोणी कोयता घेऊन ऊंसाच्या फडांत गेला आहे. कष्टाचें कोणतेंहि काम हलकें नाहीं. पण वीस वर्षें सूत ओळखणाऱ्या हातानें केळीं मोजावीं, यांत त्या हाताचें नुकसान आहे आणि तालुक्याचेंहि आहे.

आपल्यावर ही वेळ पहिल्यानेंच आलेली नाहीं. मागें एकदां ती फार मोठ्या प्रमाणांत आली होती आणि तेव्हां आपण कोठें चुकलों, हें आज आठवणें जरूर आहे. मुंबईंत कावसजी दावर यांनीं १८५४ सालीं कापडगिरणीची कंपनी काढली व १८५६ सालीं तिचें चाक फिरूं लागलें. पुढें गिरण्या वाढल्या. त्यांत राबावयास माणसें गेलीं तीं कोंकणांतून आणि घाटावरून, म्हणजे आपल्याच घरांतून. गिरणी मुंबईची, पण तिच्यावर पेटणारी चूल रत्नागिरी-साताऱ्याची. त्या कामगारांची बाजू पहिल्यानें मांडली ती 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनीं. १८८४ सालीं त्यांनीं मिलहँड्स असोसिएशन उभारलें आणि १८९० सालीं रविवारची सुटी मिळवून दिली. ज्या सुटीच्या दिवशीं आज आपण लग्नें-साखरपुडे ठरवितों, ती सुटी अशी मागून घ्यावी लागली आहे.

त्यानंतर १८ जानेवारी १९८२ रोजीं डॉक्टर दत्ता सामंत यांच्या पुढारीपणाखालीं मुंबईंतील सुमारें साठ गिरण्यांतल्या अडीच लाख कामगारांनीं संप पुकारला. पगारवाढीबरोबर बदली कामगारांचाहि प्रश्न त्यांत होता. रोज सकाळीं फाटकावर उभें राहायचें, नांव पुकारलें तर काम, नाहीं तर परत खोलीवर, असें ज्यांचें आयुष्य गेलें ते बदली कामगार. संप मिटला असें शेवटपर्यंत कोणी जाहीर केलें नाहीं. तो जिरून गेला. सरकारनें १९८३ सालीं मुंबईंतील तेरा गिरण्यांचा कारभार हातीं घेतला. तरी हजारों लोक पुन्हां कामावर घेतले गेले नाहींत, आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत एकेक करून बहुतेक गिरण्या बंद झाल्या.

आम्ही त्या वेळीं पाटीवर गमभन गिरवीत होतों. आमच्या आळींतले एक तात्या साचेखात्यांतून परत आले, ते पत्र्याची एक पेटी आणि वळकटी घेऊन. दर महिन्याला मनीऑर्डर घेऊन येणारा पोस्टमन त्यांच्या दारावरून पुढें जाऊं लागला, हें आम्हां पोरांच्याहि ध्यानांत आलें. एकदां आमच्या घरीं बाजारांतून नवें धोतर आणलें होतें. तात्यांनीं त्याचा कांठ चिमटींत धरला, उजेडाकडे केला आणि ताण्याला सूत कोणतें, बाण्याला कोणतें, विणतांना धागा कोठें तुटला होता, हें सारें सांगून टाकलें. आमचे वडील थक्क झाले. तात्या मात्र धोतराची घडी घालून उठले आणि दोन शेरडें होतीं तीं चारावयास माळावर गेले. वीस वर्षांची विद्या त्या माळावर शेरडांच्या मागें हिंडत राहिली. तिला गिऱ्हाईक कोणी आणलें नाहीं. त्यांचा मुलगा सातवींतून शाळा सोडून गेला. आज आम्ही हजेरीपट घेऊन बसतों तेव्हां सूतगिरणींत कामाला असलेल्यांच्या मुलांचीं नांवें अशींच एकेक गळतांना पाहतों, आणि तात्या आठवतात.

कोणी म्हणेल, गिरण्या गेल्या कारण जुनीं यंत्रें, जुना धंदा, काळ बदलला. यांत अर्धें सत्य आहे. परंतु कापड नेसणें कांहीं लोकांनीं सोडलें नव्हतें. विणकाम भिवंडी, इचलकरंजी, मालेगांव येथील यंत्रमागांवर गेलें. तेथें बारा-बारा तासांची पाळी आणि गिरणीच्या मानानें मजुरी कमी. म्हणजे काम संपलें नाहीं, कामाची किंमत उतरली. आणि इकडे गिरणीच्या जागेची किंमत मात्र चढत गेली. शहराच्या मध्यावर सुमारें सहाशें एकर जमीन! कापडापेक्षां जमीन विकण्यांत नफा अधिक दिसूं लागला, मग चाक फिरवावें कोणी ?

त्या जमिनीचें काय झालें तें नीट पाहण्यासारखें आहे, कारण आपल्या तालुक्यांत तोच खेळ लहान प्रमाणावर होऊं घातला आहे. १९९१ सालीं मुंबईच्या विकास नियमावलींत ५८ वा नियम आला. गिरणीच्या जमिनीचा विकास करावयाचा तर एक तृतीयांश भाग मोकळ्या मैदानासाठीं, एक तृतीयांश सरकारी घरबांधणीसाठीं आणि उरलेला मालकाकडे, अशी ती वांटणी होती. २००१ सालीं नियमाला दुरुस्ती झाली आणि वांटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जागेपुरती राहिली. ज्या जमिनीवर गिरणीच्या इमारती उभ्या होत्या ती वांटणींतून सुटली. मार्च २००६ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें ही दुरुस्ती कायम केली. कामगारांनीं घरांसाठीं लढा दिला, दीड लाखांहून अधिक अर्ज आले. घरें मिळालीं तीं कांहीं हजारांना.

पण त्याच नियमांत आणखी एक कलम आहे, त्याची चर्चा फारशी कोणी केली नाहीं. गिरणी दुसरीकडे नेली किंवा मालकानें दुसरा उद्योग काढला, तर १ जानेवारी २००० रोजीं कामावर असलेल्या कामगाराला किंवा त्याच्या घरच्या निदान एका माणसाला, अंगीं लायकी असल्यास, तेथें आधीं काम द्यावें, आणि त्यासाठीं लागणारें शिक्षणहि मालकानेंच द्यावें, असें तें कलम आहे. वाचतांना किती गोड! परंतु गिरणीच्या जागीं उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतींत किती साचेवाल्यांचीं मुलें खुर्चीवर बसलीं आणि किती दारावर शिपाई झालीं, हें गिरणगांवांत कोणालाहि विचारून पाहावें. कागदावर काम लिहिलेलें असणें वेगळें आणि मागितल्याबरोबर काम देण्याची जबाबदारी कोणाच्या तरी डोक्यावर असणें वेगळें. जमिनीचा हिशेब चौरस फुटांत झाला, कामाचा हिशेब सदिच्छेंत झाला. आम्ही चुकलों तें येथें.

आतां नुकसानभरपाईची गोष्ट. "कामगारांना पैसे मिळतील कीं, मग रड कशाला?" असें म्हणणारे आपल्यांतहि आहेत. त्यांच्यासाठीं आम्ही चौथीच्या वर्गाचें एक गणित मांडतों. कारखाना बंद होतांना कामगाराला नोकरीच्या प्रत्येक पुऱ्या वर्षामागें पंधरा दिवसांच्या सरासरी पगाराइतकी भरपाई कायद्यानें ठरविली आहे. ज्यानें वीस वर्षें काम केलें, त्याला पंधरा गुणिले वीस, म्हणजे तीनशें दिवसांचा पगार. दहा महिने! वीस वर्षांच्या बदल्यांत दहा महिने. तेहि वेळेवर मिळाले तर. त्यांतून सोसायटीचें कर्ज वळतें होतें, थकलेलें दुकानाचें बिल जातें, मुलीचें लग्न असेल तर उरलेलें मांडवांत संपतें. अकराव्या महिन्याला तो माणूस पुन्हां फाटकासमोर उभा, आणि फाटकाला कुलूप.

बरें, पैसे पुरले असें धरून चाललें तरी नुसत्या पैशानें माणूस सांवरत नाहीं, याचा दाखला दूर देशांत मिळतो. ऑस्ट्रिया देशांत व्हिएन्ना शहराजवळ मारिएंटाल नांवाची कामगारांची एक वस्ती आहे. तेथेंहि कापडाचाच कारखाना होता. तो १९३० च्या सुमारास बंद पडला. वस्तींत ४७८ कुटुंबें, जवळ जवळ दीड हजार माणसें. त्यांपैकीं तीन-चतुर्थांश कुटुंबांत कमावतें कोणीच उरलें नाहीं. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल या अभ्यासकांनीं १९३१-३२ च्या हिंवाळ्यांत तेथें जाऊन घरोघरची पाहणी केली व १९३३ सालीं ती छापली. लोकांना सरकारी बेकारभत्ता मिळत होता. रिकामा वेळ तर मुबलक होता. तेव्हां माणसें अधिक वाचूं लागलीं असतील, असें आपल्याला वाटेल. झालें उलट. वाचनालयाची वर्गणी माफ असतांनाहि वाचावयास नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या दोन वर्षांत निम्म्यावर आली. वर्तमानपत्रें घेणारे कमी झाले. पुरुषमाणसें रस्त्यानें चालतांना हळू चालूं लागलीं, वाटेंत उगीच थांबूं लागलीं. बाया मात्र घरच्या कामामुळें पूर्वींच्याच घाईनें जात-येत होत्या. दिवसभर काय केलें असें विचारलें तर पुरुषांना सांगतां येईना.

आम्हां मास्तरलोकांना हें वाचून चटका बसला, कारण हेंच आम्ही आपल्या तालुक्याच्या गांवीं डोळ्यांनीं पाहतों. चौकांतल्या पारावर जीं माणसें सकाळीं बसलेलीं दिसतात, तींच सांजेला बसलेलीं दिसतात. त्यांना आळशी म्हणणारांनीं लक्षांत ठेवावें कीं हींच माणसें चार वर्षांपूर्वीं रात्रपाळी करून सकाळीं शेताला पाणी पाजीत होतीं. काम गेलें म्हणजे मजुरी जाते, आणि तिच्याबरोबर दिवसाचा आकार जातो, चारचौघांतला मान जातो, मुलाला "अभ्यास कर" असें सांगण्याचा धीर जातो.

गंमत अशी कीं त्याच मारिएंटालांत नव्वद वर्षांनीं उलटा प्रयोग झाला. ती वस्ती ज्या गांवांत मोडते त्या गांवांत ऑक्टोबर २०२० पासून तेथील सरकारी रोजगार कचेरीनें असें ठरविलें कीं गांवांतल्या दीर्घकाळ बेकार असलेल्या प्रत्येक रहिवाशाला, त्याची इच्छा असल्यास, सामूहिक करारानें ठरलेल्या पगारावर काम द्यावयाचेंच. आधीं दोन महिने तयारी, मग काम. जुन्या लाकूडसामानाची दुरुस्ती, सुतारकाम, गांवच्या सार्वजनिक जागांची निगा, अशीं तीं कामें होतीं. ज्याला जें जमेल तें त्याला. सुमारें शंभर माणसांना याचा लाभ झाला. ऑक्सफर्डच्या अर्थशास्त्रज्ञांनीं त्याची मोजणी केली, तेव्हां गांवांतली लांबलेली बेकारी जवळ जवळ नाहींशी झाली, लोकांची मिळकत वाढली व मनहि सांवरलें, असें दिसून आलें. आणि खर्च ? माणूस बेकार ठेवून त्याला पोसण्यास जेवढा येत होता, जवळ जवळ तेवढाच. प्रयोग २०२४ सालीं संपला, पण त्यानें जें दाखवावयाचें तें दाखवून दिलें.

ही कल्पना ऐकून आपण भुलून जाण्याचें कारण नाहीं. ती मुळांत आपल्या घरची आहे. वि. स. पागे यांनीं १९६५ सालीं तासगांव तालुक्यांत तिचा प्रयोग केला. १९७२ च्या दुष्काळांत महाराष्ट्रभर रोजगार हमीचीं कामें निघालीं, १९७७ सालीं कायदा झाला, आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलांत आला. काम मागणें हा हक्क आणि काम देणें हें सरकारचें कर्तव्य, असें जगांत फार थोड्या ठिकाणीं तोंवर कोणी लिहून ठेवलें होतें. यासाठीं पैसा उभा करावयास शहरांतील पगारदारांवर व्यवसायकर बसविला गेला. पुढें २००५ सालीं साऱ्या देशासाठीं कायदा झाला, त्यानें खेड्यांतील कुटुंबाला वर्षांत शंभर दिवसांच्या कामाचें वचन दिलें.

मग अडलें कोठें ? अडलें दोन ठिकाणीं. एक, ही हमी खेड्यापुरती. नगरपालिकेच्या हद्दींत गिरणी बंद पडली तर तिच्या फाटकाशीं हमी थांबते. दुसरें, ही हमी अंगमेहनतीपुरती. ती माणसाचा घाम ओळखते, त्याचें कसब ओळखत नाहीं. आमचे तात्या हमीच्या कामावर गेले होते. साचेवाल्याच्या हातांत खडी फोडण्याचा हातोडा आला. दुष्काळांत तो हातोडा हजारों घरांना जगवून गेला, त्याचे उपकार आम्ही विसरणार नाहीं. पण सुताचा धागा ओळखणाऱ्या बोटांना तेवढेंच काम देतां येतें काय ? केरळ सरकारनें शहरांतील लोकांसाठीं २०१० सालीं अय्यंकाळी यांच्या नांवानें रोजगार हमी काढली. दलितांच्या मुलांना शाळेचें दार उघडें व्हावें म्हणून ज्यांनीं शेतमजुरांचा संप लढविला, त्यांचें नांव अशा योजनेला शोभून दिसतें. केरळला जें सुचलें तें हमीच्या माहेरघरीं कां सुचूं नये ?

आतां आक्षेपांकडे वळूं. "तोट्यांतला कारखाना किती दिवस पोसावयाचा ?" असें व्यवहारी लोक विचारतात. प्रश्न रास्त आहे. तोट्यांतलें जुनें यंत्र कायमचें फिरवीत ठेवा, असें आमचें म्हणणें नाहीं. राजर्षि शाहू छत्रपतींनीं १९०६ सालीं कोल्हापुरांत गिरणी उभारली. ती जवळ जवळ शतकभर चालून २००३ सालीं बंद झाली. छत्रपतींच्या हातची गिरणीहि अमर राहिली नाहीं, तेथें आमची-तुमची काय कथा ? यंत्राला आयुष्य असतें. पण बैल म्हातारा झाला म्हणून कोणी शेतकरी औत, रान आणि गडी सारेंच विकून मोकळा होत नाहीं. तो दुसऱ्या बैलाची तजवीज करतो.

दुसरे म्हणतात, "कामगारांनींच गिरणी चालवावी." ऐकावयास हें फार बरें वाटतें. मुंबईंत कुर्ला येथील कमानी ट्यूब्ज हा नळ्यांचा कारखाना १९८५ सालीं बंद पडला होता. १९८८ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या संमतीनें तो कामगारांच्या सहकारी संस्थेनें चालविण्यास घेतला व पहिलीं वर्षें बरा चालविलाहि. पुढें भांडवलाच्या व कारभाराच्या अडचणी वाढल्या आणि तोहि थकला. यावरून कामगारांना धंदा कळत नाहीं असें ठरत नाहीं. एवढेंच ठरतें कीं मालकानें पिळून टाकलेलें चिपाड कामगारांच्या गळ्यांत बांधून, वर भांडवल न देतां, "आतां यांतून रस काढा" म्हणणें ही थट्टा आहे.

तिसरे म्हणतात, "तरुणांनीं पुण्या-मुंबईस जावें." जे हौसेनें जातील त्यांना आमचा आशीर्वाद. पण पन्नाशींतला फिटर, ज्याची म्हातारी आई घरीं आणि दीड एकर रान पावसावर, तो कोठें जाईल ? आणि तो गेला म्हणजे वाणी, शिंपी, न्हावी, सायकलवाला यांचें गिऱ्हाईक जातें. शेतकऱ्याची मेथीची जुडी बाजारांत सुकते. गिरणीचा पगार होत असे त्या आठवड्याचा बाजार आणि आतांचा बाजार यांतला फरक ज्यांनीं डोक्यावर पाटी घेऊन सोसला आहे, त्या आमच्या बहिणींना हें समजावून सांगावयास नको.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. पहिली : लिलांवाचा पैसा हातीं येतांच कामगारांची थकलेली देणीं आधीं भागवावीं, त्यांना रांगेंत शेवटीं उभें करूं नये. दुसरी : सारी जागा विकूं नये. फाटकाजवळचा कांहीं भाग, जेथें रस्ता, वीज, पाणी आणि पत्र्याच्या शेडा आधींच आहेत, तो राखून तेथें लहान लहान गाळे काढावे व ते माफक भाड्यानें जुन्या कामगारांच्या संस्थांना आणि तालुक्यांतील कारागिरांना द्यावे. पंपाची मोटार भरणें, फवारणीचीं व मळणीचीं यंत्रें दुरुस्त करणें, डाळगिरणी, तेलघाणा, विणकाम, शिवणकाम. आज यांतल्या कैक कामांसाठीं आपला शेतकरी जिल्ह्याच्या गांवीं हेलपाटे घालतो. काम आहे, हात आहेत, मध्यें फक्त छप्पर पाहिजे. तिसरी : नगरपालिका व पंचायत समिति यांनीं मिळून या कामगारांना निदान दोन वर्षांची कामाची हमी द्यावी, आणि ती हमी कसबाला धरून असावी. शाळांचे मोडके बांक, गळके नळ, बंद पडलेले हातपंप, मुलांचे गणवेश, यांचीं कामें बाहेरच्या ठेकेदाराला देण्याआधीं या हातांना द्यावीं. चौथी : ज्यांचें वय झालें त्या फिटर-कारागिरांना मानधन देऊन तरुण पोरांना शिकवावयास बसवावें. त्यांची विद्या त्यांच्याबरोबर माळावर जाऊं नये.

आतां दोन शब्द आमच्याच लोकांना, कारण दोष दुसऱ्यावर ढकलून मोकळें होणें आम्हांला पसंत नाहीं. गिरणीचे सभासद आपण होतों. वार्षिक सभेला आपण गेलों तें चहा-चिवड्यापुरते. हिशेबाचा कागद हातीं आला, त्याची आपण पुरचुंडी बांधली. पुढारी बोलला त्यावर हात वर केला आणि घरीं आलों. कामगार पगार मागूं लागले तेव्हां "बसून खातात" म्हणून आपणच त्यांना नांवें ठेवलीं. आणि आपल्या कापसाचे पैसे अडले तेव्हां त्यांनीं आपल्याकडे पाठ केली. एकाच घरांतले दोन भाऊ एकमेकांवर रुसून बसले आणि वाडा तिसऱ्यानें विकावयास काढला.

लिलांवाच्या आधीं सभासदांची सभा भरणार आहे. तींत शेतकरी सभासदांनीं जावें, चिवड्यासाठीं नव्हे. वर लिहिलेल्या चार मागण्या कागदावर लिहून न्याव्या, खालीं सह्या कराव्या; ज्यांना सही येत नाहीं त्यांनीं आंगठा करावा, पण आधीं शाळेंतल्या पोराकडून कागद वाचून घ्यावा. कामगारांना सभासद नाहींत म्हणून दाराबाहेर उभें केलें तर आपण त्यांच्या वतीनें आंत बोलावें. ठराव नोंदून घेतल्याशिवाय उठूं नये. ग्रामसभांनींहि असाच ठराव करून तहसील कचेरींत द्यावा आणि त्याची पोंच घ्यावी.

एवढें करून सारें मनासारखें होईल असें आम्ही सांगत नाहीं. पण गप्प बसलों तर काय होतें, तें आपण १९८२ नंतर पाहिलें आहे. जागा एकदां विकली जाते. मग तिच्याभोंवतीं भिंत उभी राहते आणि आंत काय चाललें आहे तें विचारण्याचा हक्कहि राहत नाहीं. आज फाटकाला कुलूप असलें तरी किल्ली अजून सभासदांच्या नांवावर आहे. ती हातांतून जाण्यापूर्वीं, त्या फाटकांतून जे हात कामाला जात होते त्यांच्या कामाची बोली पक्की करून घ्या.